एका गोलची जन्मठेप

खेळ म्हटला की कुणीतरी जिंकणार, कुणीतरी हरणार. पण मैदानात जेव्हा ‘देशाची अब्रू’ उतरते, तेव्हा हरणाऱ्याचं काय होतं? फुटबॉलच्या इतिहासातली ही काही माणसं... त्यांच्या गोष्टी वाचताना आपल्याच घरातलं बरंच काही आठवेल.

विश्वचषक फुटबॉल सुरू झाला की घराघरातलं वेळापत्रक बदलतं. मॅच बऱ्याचदा रात्री उशिरा. मुलं जागी, मुलांचे बाबा जागे आणि मध्यंतराला चहा हवा म्हणून आपणही जाग्या! कोल्हापुरात तर विचारूच नका. एरवी पाटाकडील तालीम की दिलबहार तालीम यावरून भांडणारं गाव त्या महिन्यात ब्राझील की अर्जेंटिना यावरून भांडतं. पेठापेठांत त्या देशांचे झेंडे लागतात, चौकात खेळाडूंचे भलेमोठे फलक उभे राहतात. गोव्यात पोर्तुगाल आणि ब्राझीलसाठी जीव टाकणारे कमी नाहीत. भारताचा पुरुष संघ विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत अजून एकदाही खेळलेला नाही, म्हणून मग आपण उसन्या देशांचे झेंडे खांद्यावर घेतो. त्यातही मजा असते. हरलो तरी दोन दिवसांत विसरून जातो.

ज्यांचा देश खरोखरच मैदानात असतो, त्यांना मात्र असं विसरता येत नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, आम्हाला बाई त्या फुटबॉलमधलं काही कळत नाही. नाही कळलं तरी चालेल. ऑफसाइड म्हणजे काय, हे माहीत नसलं म्हणून काही अडत नाही. पण या खेळाभोवती जे घडतं ना, ते आपल्याला फार चांगलं कळतं. कारण त्याचं नाव आहे ‘अब्रू’. घराण्याची अब्रू मुलीच्या हातात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. घर चालवतात दहा जण, निर्णय घेतात चार जण, आणि काही बिनसलं की बोट दाखवलं जातं एकीकडे. देशाच्या अब्रूचंही अगदी असंच असतं. खेळतात अकरा जण, आणि हरल्यावर बोट दाखवलं जातं एकाकडे.

अशाच एका माणसाची ही गोष्ट. त्याचं नाव मोआसिर बार्बोसा.

१६ जुलै १९५०

दुसरं महायुद्ध संपून पाचच वर्षं झाली होती. युद्धानंतरचा पहिला विश्वचषक ब्राझीलमध्ये भरला. त्यासाठी रिओ द जानेरो शहरात माराकाना नावाचं प्रचंड मैदान बांधलं गेलं. ‘आम्ही आता मागासलेला देश राहिलो नाही, जगाने आमच्याकडे बघावं’ असं ब्राझीलला सांगायचं होतं. त्या मैदानाच्या काँक्रीटमध्ये सिमेंटबरोबर देशाची हौसही कालवलेली होती म्हणा ना!

त्या वर्षी नेहमीसारखी अंतिम फेरी नव्हती. शेवटचे चार संघ एकमेकांशी खेळणार आणि ज्याचे गुण जास्त तो विजेता, अशी पद्धत होती. ब्राझीलने स्वीडनला ७-१ असं हरवलं, स्पेनला ६-१ असं हरवलं. राहिला शेवटचा सामना, उरुग्वेशी. तो नुसता बरोबरीत सुटला असता तरी विश्वचषक ब्राझीलचा होता.

मग काय, लग्नाआधीच बारसं! ब्राझीलच्या एका वर्तमानपत्राने सामन्याआधीच संघाचा फोटो ‘हे पाहा जगज्जेते’ म्हणून छापला. रिओच्या महापौरांनी सामन्यापूर्वीच्या भाषणात खेळाडूंना विजेते म्हणून टाकलं. मैदानात तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते १,७३,८५०. प्रत्यक्षात दोन लाखांच्या आसपास माणसं होती, असं मानलं जातं. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याचं गाव अख्खंच्या अख्खं, लेकरांबाळांसकट मैदानात येऊन बसलंय, अशी कल्पना करा.

मध्यंतरानंतर लगेचच ब्राझीलच्या फ्रियासाने गोल केला. एकच जल्लोष! पण ६६व्या मिनिटाला उरुग्वेच्या शियाफिनोने बरोबरी साधली. तरीही काही बिघडलं नव्हतं, बरोबरी चालणार होती. आणि ७९व्या मिनिटाला उरुग्वेचा घिगिया उजवीकडून चेंडू घेऊन आला. पहिल्या गोलच्या वेळी त्याने चेंडू मध्ये ढकलला होता आणि तिथून गोल झाला होता. आताही तो तसंच करणार, या अंदाजाने ब्राझीलचा गोलरक्षक बार्बोसा एक पाऊल पुढे सरकला. घिगियाने तो अंदाज हेरला आणि बार्बोसा व खांब यांच्या मधल्या फटीतून चेंडू आत मारला.

ब्राझील १, उरुग्वे २.

मैदान गप्प झालं. दोन लाख माणसं आणि आवाज नाही. माराकाना आजवर तिघांनीच गप्प केलं, गायक फ्रँक सिनात्राने, पोपने आणि मी, असं घिगिया पुढे आयुष्यभर गमतीने सांगायचा. फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष ज्यूल रिमे यांनी ब्राझीलच्या विजयाचं भाषण पोर्तुगीज भाषेत तयार ठेवलं होतं. ते खिशातच राहिलं. गर्दीत कसाबसा उरुग्वेचा कर्णधार शोधून त्यांनी चषक त्याच्या हातात दिला.

भाऊबंदकी, दुसरं काय!

हरण्याचं दुःख एवढं का झालं? कारण समोर उरुग्वे होता. स्वीडनकडून हरले असते तर कदाचित एवढं लागलं नसतं. आपल्याकडे नाही का, लांबच्या कुणाच्या मुलाला नव्वद टक्के मिळाले तर आपण कौतुक करतो आणि जावेच्या मुलाला मिळाले तर रात्री झोप लागत नाही!

उरुग्वे हा नकाशात बघितला तर ब्राझील आणि अर्जेंटिना या दोन मोठ्या देशांच्या मध्ये चेपून बसलेला चिमुकला देश. एकोणिसाव्या शतकात काही वर्षं तो ब्राझीलचाच एक प्रांत होता. लढाई झाली आणि १८२८ मध्ये तो वेगळा झाला. म्हणजे वाटणी होऊन वेगळ्या निघालेल्या धाकट्या भावासारखाच. १९५० मध्ये ब्राझीलची लोकसंख्या पाच कोटींच्या वर होती, उरुग्वेची पंचवीस लाखांच्याही आत.

पण या धाकट्याला एक गोष्ट येत होती, ती म्हणजे फुटबॉल. १९२४ आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदकं मिळवली, १९३० चा पहिलावहिला विश्वचषकही जिंकला. ज्या देशाचं नाव जगाला माहीत नव्हतं, त्याला या खेळाने नाव दिलं. म्हणूनच देशाभिमान वाईट, असं सरसकट म्हणता येत नाही. लहानांना ताठ मानेने उभं राहायला तो कामी येतो.

तोच अभिमान दुसऱ्याच्या द्वेषावर पोसला गेला, की मात्र गोष्टी हाताबाहेर जातात. १९६९ मध्ये मध्य अमेरिकेतले एल साल्वाडोर आणि होंडुरास हे शेजारी देश विश्वचषकाच्या पात्रता फेरीत जून महिन्यात तीन वेळा एकमेकांशी खेळले. दोन्हीकडे पाहुण्या संघाला छळलं गेलं, प्रेक्षकांना मारहाण झाली. १४ जुलैला दोन देशांत खरोखरच युद्ध पेटलं. सुमारे शंभर तास चाललेल्या त्या लढाईत काही हजार माणसं मेली. जग त्याला ‘फुटबॉल युद्ध’ म्हणतं. पण खरं कारण होतं जमीन. एल साल्वाडोरमधून पोटासाठी होंडुरासमध्ये गेलेल्या सुमारे तीन लाख गरिबांना तिथून हुसकावलं जात होतं. गवत आधीच वाळलेलं होतं, सामन्याने फक्त काडी टाकली.

‘पांढऱ्या पायाचा’ गोलरक्षक

आता पुन्हा ब्राझीलकडे येऊ. हरल्यावर देशाला आरोपी हवा होता. दोन गोल करून जिंकणारा उरुग्वे चांगला खेळला, हे म्हणायला कुणी तयार नव्हतं. दोष आला तो मुख्यतः तिघांवर, बार्बोसा, बिगोदे आणि जुवेनाल यांच्यावर. तिघेही काळ्या वर्णाचे. हा निव्वळ योगायोग नव्हता. ज्यांची जागा समाजात आधीच खालची, त्यांच्याकडे बोट पटकन वळतं.

आणि सगळ्यात जास्त भोगलं ते बार्बोसाने. तसा तो त्या काळातला नावाजलेला गोलरक्षक. वास्को द गामा या रिओच्या नामांकित क्लबचा आधारस्तंभ. एकच वर्ष आधी, १९४९ मध्ये, ब्राझीलने दक्षिण अमेरिकेचं अजिंक्यपद मिळवलं तेव्हाही गोलसमोर तोच उभा होता. पण ते सगळं पुसलं गेलं. देशाच्या संघातून तो जवळजवळ बादच झाला. पुढे पोटासाठी त्याने नोकरी केली तीही त्याच माराकाना मैदानाच्या आवारात. जिथे आयुष्य थांबलं, तिथेच रोज कामाला जायचं... विचार करा.

त्याने स्वतः सांगितलेला एक प्रसंग आहे. हरल्याला वीस वर्षं होऊन गेली होती. तो एका दुकानात उभा होता. तिथे आलेल्या एका बाईने त्याला ओळखलं आणि सोबतच्या लहान मुलाला त्याच्याकडे बोट करून दाखवलं. म्हणाली, बघ, हा तो माणूस, ज्याने सगळ्या ब्राझीलला रडवलं.

तो मुलगा त्या सामन्याच्या वेळी जन्मलाही नव्हता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बोट दाखवायचं कुणाकडे, हे त्याला त्या दुकानात शिकवलं गेलं. आणि शिकवणारी त्याची आई होती. मैत्रिणींनो, मला या सगळ्या गोष्टीत हाच प्रसंग जास्त बोचतो. मैदानातला गोंगाट पुरुषांचा असेल, पण घरातलं मूल कुणाला नावं ठेवायला शिकतं आणि कुणाची कणव करायला शिकतं, यात आपला वाटा मोठा असतो.

१९९३ मध्ये बार्बोसा ब्राझीलच्या संघाला शुभेच्छा द्यायला सराव शिबिरात गेला. अपशकुन नको म्हणून त्याला खेळाडूंना भेटू दिलं नाही. बहात्तर वर्षांचा म्हातारा दारातून परत फिरला. आपल्याकडे नव्या सुनेच्या पावलांनी काही वाईट घडलं की ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतात. हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही, हे ठरवताना आजही काही घरांत जो विचार होतो, तोच हा विचार. देश बदलला, भाषा बदलली, पण अपशकुनाचं खापर फोडायला माथं लागतंच.

गंमत म्हणजे फक्त माणूसच नाही, सदराही ‘पांढऱ्या पायाचा’ ठरला! १९५० पर्यंत ब्राझीलचा संघ पांढऱ्या सदऱ्यात खेळायचा. हरल्यावर तो अपशकुनी वाटायला लागला. १९५३ मध्ये एका वर्तमानपत्राने नव्या पोशाखाची स्पर्धा घेतली. अट एकच, झेंड्यातले हिरवा, पिवळा, निळा आणि पांढरा हे चारही रंग त्यात हवेत. जिंकला आल्दिर श्ली नावाचा एक तरुण चित्रकार. आज कोल्हापूरच्या गल्लीतल्या पोराच्या अंगावरही दिसतो तो ब्राझीलचा पिवळाधमक सदरा त्याचाच. हा श्ली जन्मला होता उरुग्वेच्या सीमेवरच्या गावात आणि मनाने तो उरुग्वेचाच चाहता होता! ब्राझीलच्या अभिमानाची खूण शेजाऱ्यावर प्रेम करणाऱ्या माणसाने काढली, याहून मोठी चपराक कुठली?

आयुष्याच्या शेवटी बार्बोसाकडे फारसे पैसे नव्हते. मूलबाळ नव्हतं. पत्नी क्लोतिल्दे १९९७ मध्ये गेली. समुद्रकाठच्या एका गावात, रक्ताचं नातं नसलेल्या एका स्त्रीने त्याला वडिलांच्या जागी मानून शेवटपर्यंत सांभाळलं. ब्राझीलच्या कायद्यात त्या वेळी सगळ्यात मोठी शिक्षा तीस वर्षांची होती. त्याचा दाखला देऊन बार्बोसा म्हणायचा, की मी मात्र न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा पन्नास वर्षं भोगतोय. एप्रिल २००० मध्ये, ७९व्या वर्षी तो गेला.

एका स्त्रीने दुकानात त्याच्याकडे बोट दाखवलं. एका स्त्रीने त्याच्यासमोर जेवणाचं ताट ठेवलं. आपण यातली कोण व्हायचं, हे ठरवणं आपल्या हातात असतं, नाही का?

खेळाडूचा जीव गेला तेव्हा

बार्बोसा निदान म्हातारा होऊन गेला. कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारला तेवढंही मिळालं नाही.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेत झाला. कोलंबियाच्या संघाने आदल्या वर्षी अर्जेंटिनाला त्यांच्याच घरात ५-० असं हरवलं होतं, त्यामुळे अपेक्षा आभाळाला भिडलेल्या. त्यात देश अमली पदार्थांच्या टोळ्यांनी पोखरलेला. रोजच्या रक्तपाताने जगात नाव बदनाम झालेलं, ते या संघाने धुऊन काढावं अशी लोकांची इच्छा. २२ जूनला अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात चेंडू अडवायला गेलेल्या एस्कोबारच्या पायाला लागून तो आपल्याच गोलमध्ये गेला. कोलंबिया २-१ असं हरली आणि पुढे स्पर्धेतून बाहेर पडली.

एस्कोबार मायदेशी परतला. तोंड लपवून बसला नाही. आयुष्य इथेच संपत नाही, अशा अर्थाचं त्याने एका वर्तमानपत्रात लिहिलंही. २ जुलैच्या पहाटे मेडेलिन शहरात एका वाहनतळावर काही लोकांनी त्या स्वयंगोलवरून त्याला डिवचलं, वाद झाला आणि त्याला गोळ्या घातल्या गेल्या. तो २७ वर्षांचा होता. त्याचं लग्न ठरलेलं होतं. त्याच्या अंत्ययात्रेला एक लाखाहून जास्त माणसं आली. त्या हजारो रडणाऱ्यांतही दहा दिवसांपूर्वी घरात बसून त्याला शिव्या देणारे किती असतील!

आपणही यात मागे नाही. १९८६ मध्ये शारजात शेवटच्या चेंडूवर जावेद मियांदादने षटकार मारला, तो चेंडू टाकणारा चेतन शर्मा. पुढच्याच वर्षी आपल्या नागपुरात त्याने न्यूझीलंडविरुद्ध लागोपाठ तीन बळी घेतले. विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक. पण चेतन शर्मा म्हटलं की लोकांना आजही तो षटकारच आठवतो. २००७ मध्ये भारत बांगलादेशकडून हरला, तेव्हा रांचीत धोनीच्या बांधकाम सुरू असलेल्या घराची मोडतोड झाली. चारच वर्षांनी त्याच धोनीला लोकांनी डोक्यावर घेतलं. डोक्यावर घेणारे आणि पायदळी तुडवणारे हात तेच असतात.

हार मैदानात, मार घरात

आता एक आकडेवारी सांगते. ती वाचून थोडं थांबा. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी लँकेशायर भागातल्या पोलिसांकडच्या नोंदी तपासल्या. २००२, २००६ आणि २०१० या तीन विश्वचषकांच्या काळातल्या. त्यात दिसलं असं, की इंग्लंडचा संघ जिंकला किंवा सामना बरोबरीत सुटला त्या दिवशी घरगुती हिंसाचाराच्या घटना २६ टक्क्यांनी वाढत होत्या. आणि संघ हरला त्या दिवशी ३८ टक्क्यांनी!

म्हणजे गोल खाल्ला कुणी, आणि गालफडात खाल्ली कुणी!

फुटबॉलमुळे चांगला माणूस एका रात्रीत मारकुटा होत नाही, हे खरं. हात उचलणारा माणूस आधीच तसा असतो. सामना, दारू आणि दुखावलेला अभिमान हे त्याला निमित्त मिळतं. पण ‘आपण’ हरलो, ‘आपली’ नाचक्की झाली, हे त्याच्या इतकं अंगाला लागलेलं असतं, की तो राग कुणावर तरी काढायचा असतो. आणि हाताशी कोण असतं? ती, जिने दिवसभरात एकदाही टीव्हीकडे बघितलेलं नसतं.

आणि जिच्यावर राग निघतो, तिला त्या खेळात जागा तरी होती का? ज्या ब्राझीलने १९५० मध्ये एवढं आकांत केलं, तिथे बायकांना फुटबॉल खेळायलाच कायद्याने बंदी होती. १९४१ च्या सरकारी हुकमाने स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ तिने खेळू नयेत, असं ठरवलं होतं. ती बंदी उठली १९७९ मध्ये. फुटबॉलचं माहेरघर म्हणवणाऱ्या इंग्लंडनेही १९२१ पासून पन्नास वर्षं महिलांच्या सामन्यांना आपली मैदानं बंद ठेवली होती. रडायला बाई चालते, बोल लावायला चालते, खेळायला मात्र चालत नाही!

बंदी उठल्यानंतर सात वर्षांनी ब्राझीलच्या एका गरीब, कोरड्या भागात मार्ता जन्मली. मुलांबरोबर खेळते म्हणून गावाने तिला नावं ठेवली. आज विश्वचषकात सगळ्यात जास्त, १७ गोल तिच्या नावावर आहेत. पुरुष आणि महिला दोन्ही धरून! २०१९ मध्ये फ्रान्सकडून हरल्यावर ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं. पण तिने पंचांना दोष दिला नाही, सहकारी मुलींना दिला नाही. आपल्या देशातल्या लहान मुलींना तिने सांगितलं, की शेवटी हसायचं असेल तर सुरुवातीला रडायची तयारी ठेवा, जास्त मेहनत करा. हरल्यानंतर काय बोलायचं, हे तिच्याकडून शिकावं. आणि आता बघा, २०२७ चा महिला विश्वचषक त्याच ब्राझीलला मिळाला आहे.

जिंकलेल्याचे डोळे ओले

सगळं असंच असतं असंही नाही. त्या १६ जुलैच्या रात्री उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला विजयाची मेजवानी सोडून एकटाच रिओच्या रस्त्यांवर फिरायला निघाला. दारूच्या गुत्त्यांतून लोक रडत बसले होते. तो त्यांच्यात जाऊन बसला, त्यांच्याबरोबर प्यायला, त्यांचं दुःख बघून गलबलला. ज्यांना आपण शत्रू समजून हरवलं, ती तर आपल्यासारखीच साधी माणसं, हे त्याला त्या रात्री कळलं. पुढे बरीच वर्षं तो त्या विजयाबद्दल फुशारकीने बोलला नाही.

ब्राझीलमधल्याच बाउरू गावात त्या दिवशी रेडिओजवळ एक बाप रडत होता. त्याचा नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला, बाबा रडू नका, मी तुम्हाला विश्वचषक आणून देईन. कुणाला शिव्या न देता त्याने ते दुःख कामाला लावलं. आठ वर्षांनी, १९५८ मध्ये, सतराव्या वर्षी त्याने ते खरं करून दाखवलं. त्याचं नाव पेले.

आणि एक अगदी अलीकडची गोष्ट. ११ जुलै २०२१, लंडनचं वेम्ब्ली मैदान. युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंड पेनल्टीवर इटलीकडून हरलं. रॅशफर्ड, सँचो आणि साका या तिघांच्या पेनल्टी चुकल्या. साका तर अवघा १९ वर्षांचा. तिघेही काळ्या वर्णाचे. पुन्हा तेच सुरू झालं. त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. मँचेस्टरमध्ये रॅशफर्डचं एका भिंतीवर मोठं चित्र होतं, त्यावर रात्रीत कुणीतरी घाणेरडे शब्द लिहिले.

पण या वेळी एक वेगळी गोष्ट घडली. सकाळी आजूबाजूचे लोक त्या भिंतीशी जमले. शिव्यांवर त्यांनी कागद चिकटवले. मग चिठ्ठ्या आल्या, कागदी बदाम आले, झेंडे आले, पोरांनी काढलेली चित्रं आली. बघता बघता भिंत प्रेमाच्या चिठ्ठ्यांनी भरून गेली. आयांनी लेकरांना बोटाला धरून तिथे आणलं होतं. एकाहत्तर वर्षांपूर्वी बार्बोसाला जे मिळालं नाही, ते या पोरांना मिळालं. तीन वर्षांनी, २०२४ च्या युरो स्पर्धेत, स्वित्झर्लंडविरुद्ध इंग्लंड हरता हरता वाचलं ते साकाच्या गोलमुळे. मग पेनल्टी आल्या. साका पुढे झाला, आणि या वेळी चेंडू जाळ्यात गेला.

शिव्या खाऊन हे झालं असतं का? मला नाही वाटत.

देशावर प्रेम असावंच. आपला संघ जिंकला तर पेढे वाटावेत, गल्लीत फटाके वाजवावेत, हरला तर दोन घास कमी जावेत, हेही ठीक. पण अब्रू ही काही काचेची बरणी नाही, एकाच्या हातून निसटली की फुटायला. घराची नाही आणि देशाचीही नाही. मुलीने मनासारखं लग्न केलं म्हणून जसं घराणं बुडत नाही, तसा एका गोलने देश बुडत नाही. ब्राझील त्यानंतर पाच वेळा विश्वविजेता झाला. बुडाला तो फक्त बार्बोसा.

पुढच्या मोठ्या सामन्याच्या रात्री आपल्या घरातही टीव्ही लागेल. कुणाच्या तरी हातून झेल सुटेल, कुणाची तरी पेनल्टी हुकेल, आणि खोलीत कुणीतरी ओरडेल, ‘याच्यामुळेच हरलो!’ तेव्हा मांडीशी बसलेलं आपलं लेकरू आधी टीव्हीकडे बघेल आणि मग आपल्या तोंडाकडे. त्या वेळी एवढंच म्हणा, ‘असू दे रे, त्यालाच सगळ्यात जास्त वाईट वाटत असेल.’

उद्या त्याचा स्वतःचा पेपर अवघड जाईल ना, तेव्हा तो हे वाक्य आठवून सरळ आपल्याकडेच येईल.